बऱ्हाणपूर : जन्माचा रकाना, मृत्यूचा रकाना

कोणत्याही कोशात एखाद्या ऐतिहासिक नगराची नोंद उघडली की तिच्या शेवटी दोन याद्या हमखास आढळतात : येथे जन्मलेल्या प्रसिद्ध व्यक्ती आणि येथे निधन पावलेल्या प्रसिद्ध व्यक्ती. साहित्याच्या अभ्यासकाला या याद्या ओळखीच्या वाटतात, कारण आपली कविचरित्रेही याच दोन खांबांवर उभी असतात. जन्मगाव व जन्मसाल यांनी चरित्र सुरू होते, मृत्युस्थळ व मृत्यूसाल यांनी ते मिटते, आणि परीक्षेत गुणही बहुधा या दोहोंनाच मिळतात. या याद्या वरवर निरुपद्रवी दिसतात. पण त्या तयार कशा होतात, कोणाला आत घेतात, कोणाला बाहेर ठेवतात आणि त्या नगराविषयी खरोखर काय सांगतात, हे प्रश्न आपण क्वचितच विचारतो. प्रस्तुत लेखात हे प्रश्न आम्ही बऱ्हाणपूर या एका नगरापुरते विचारून पाहणार आहोत.

बऱ्हाणपूरच का, याचे पहिले उत्तर भूगोलात आहे. मुंबई-नागपूर महामार्गावर भुसावळच्या पुढे वरणगाव लागते, मग मुक्ताईनगर, म्हणजे जुने एदलाबाद, आणि तेथून इच्छापूरकडे फुटणारा रस्ता तापीच्या खोऱ्यातूनच बऱ्हाणपुरास पोहोचतो. वरणगावहून हे अंतर साठ किलोमीटरांच्या आतबाहेर. हिंदीत 'बुरहानपुर' म्हणतात, आमच्याकडे मात्र जुन्या कागदांप्रमाणे 'बऱ्हाणपूर' हाच उच्चार टिकून आहे. आज हे नगर मध्य प्रदेशात आहे आणि २००३ पासून स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण आहे. तथापि खानदेश हे नाव ज्या राज्याला पडले, त्या फारुकी राज्याची ही राजधानी होती. १८६० नंतर बऱ्हाणपूर इंग्रजांच्या मध्य प्रांतातील निमाड जिल्ह्यात गेले, खानदेश मुंबई इलाख्यात राहिला आणि १९०६ साली त्याचेही पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. राजधानी एका प्रांतात आणि प्रदेश दुसऱ्या प्रांतात, अशी ही वाटणी झाली. आज 'खानदेशचे साहित्य' असे म्हटले की असोद्याच्या बहिणाबाई, धरणगावचे बालकवी, अमळनेरचे साने गुरुजी आठवतात, पण बऱ्हाणपूर आठवत नाही. हे विस्मरण कितपत योग्य आहे, हाही या लेखाचा एक विषय आहे.

वाटेवरच्या मुक्ताईनगरचा उल्लेख केवळ रस्त्यापुरता नाही. तापीकाठच्या मेहूण येथे १२९७ साली मुक्ताबाई अंतर्धान पावल्या, अशी वारकरी परंपरा आहे, आणि मेहूण व कोथळी ही दोन्ही ठिकाणे त्या परंपरेने पवित्र मानली आहेत. मुक्ताबाईंचा जन्म येथला नव्हे. तरीही तालुक्याच्या गावाने त्यांचे नाव धारण केले. एखादे गाव कोणाच्या अंतामुळेही मोठे होऊ शकते, ही कल्पना या परिसराला मुळीच परकी नाही, हे आरंभीच ध्यानात ठेवलेले बरे.

नावाचे गूढ

बऱ्हाणपूर हे नाव ज्यांच्यावरून पडले ते सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब या नगरात जन्मले नाहीत आणि येथे वारलेही नाहीत. त्यांचे निधन १३३७ साली झाले आणि त्यांची कबर वेरूळजवळच्या खुलताबादेत आहे. नगर वसले ते १४०० च्या सुमारास, म्हणजे त्यांच्या मागून सुमारे साठ वर्षांनी. थाळनेरच्या मलिक राजाचा मुलगा नासिरखान फारुकी याने असीरगड जिंकून घेतला आणि तापीच्या एका तीरावर बऱ्हाणपूर व समोरच्या तीरावर झैनाबाद अशी दोन ठाणी वसवली. दुसऱ्या ठाण्याचे नाव बुऱ्हाणुद्दिनांचे शिष्य झैनुद्दीन यांच्यावरून आहे. म्हणजे ज्या पुरुषाचे नाव हे नगर सहाशे वर्षे वागवीत आहे, त्यालाच आपल्या दोन रकान्यांत जागा नाही.

फारुकींच्या राजवटीविषयी एका गोष्टीकडे साहित्याच्या अभ्यासकांचे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. राजा अलीखान या फारुकी सुलतानाने १५८९-९० च्या सुमारास बांधविलेल्या जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर एक संस्कृत शिलालेखही आहे. त्यात फारुकी घराण्याची वंशावळ दिली असून कालनिर्देश विक्रम संवतात आहे. मशिदीच्या भिंतीवर संस्कृतात वंशावळ कोरवून घेणारा राजा आपल्या प्रजेची बहुभाषिकता जाणून होता, एवढे तरी यावरून निश्चित म्हणता येते. हा राजा अलीखान १५९७ साली गोदाकाठी मोगलांच्या बाजूने लढताना पडला आणि त्याचा देह बऱ्हाणपुरी आणून पुरण्यात आला. देह या नगरात आणला गेल्याचे हे उदाहरण मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण पुढे जे घडत गेले ते याच्या उलट आहे.

मृत्यूचा रकाना

असीरगड १६०१ साली अकबराच्या हाती पडला आणि बऱ्हाणपूर मोगलांच्या दक्षिण मोहिमांचे मुख्य ठाणे झाले. येथपासून मृत्यूचा रकाना झपाट्याने भरू लागतो.

अकबराचा मुलगा दानियाल १६०५ साली येथे वारला. त्याला सुभा मिळाल्यावर खानदेशाचे 'दानदेश' असे नामांतरही झाले होते. मद्यावर पहारा बसविला असताना बंदुकीच्या नळीत दारू भरून ती त्याच्यापर्यंत पोहोचविण्यात आली आणि तीच त्याला भोवली, ही हकिकत खुद्द जहांगिराने आपल्या आठवणींत लिहिली आहे. दानियाल हिंदी गीतांचा शौकीन होता आणि स्वतः त्या भाषेत रचना करी, असेही त्याच आठवणींत म्हटले आहे. १६१९ साली अब्दुर्रहीम खानखानाचा तरुण मुलगा शाहनवाजखान वारला. कारण तेच, मद्य. १६२२ च्या जानेवारीत जहांगिराचा थोरला मुलगा खुस्रौ आपला भाऊ खुर्रम याच्या कैदेत असताना मरण पावला. पोटशुळाने मेला असे कळविण्यात आले, पण बहुतेक इतिहासकार हा खून मानतात. १६२६ साली दुसरा शाहजादा परवेझ गेला. आणि १७ जून १६३१ रोजी खुर्रमची, म्हणजे तोवर बादशहा झालेल्या शहाजहानची, बेगम मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात येथे मृत्यू पावली.

अवघ्या सव्वीस-सत्तावीस वर्षांत तीन शाहजादे आणि एक सम्राज्ञी या एका नगराने गमावली. यामागे नगराचा कोणताही दोष नव्हता. कारण शोधायचे ते राज्ययंत्रणेत. दक्षिणेची मोहीम हे मोगल शाहजाद्यांच्या कर्तृत्वाचे परीक्षास्थान होते, आणि दरबारापासून दूर ठेवण्याची सोयही होती. मोठे सैन्य, मोठा खजिना, वर्षानुवर्षे न संपणारे युद्ध, आपसांतील वारसाहक्काची स्पर्धा आणि रिकाम्या संध्याकाळी, या सर्वांचे ओझे एका छावणीच्या नगरावर पडले. येथे जे मेले ते नेमणुकीवर आलेले होते, येथले रहिवासी नव्हते. आणि म्हणूनच ते मेल्यावरही येथे राहिले नाहीत. खुस्रौचा देह अखेर अलाहाबादेस गेला, परवेझचा आग्र्यास. मुमताजचा देह तापीपलीकडे झैनाबादच्या बागेत तात्पुरता ठेवला होता, तो डिसेंबर १६३१ मध्ये आग्र्याकडे निघाला. पुढे त्यावर जे उभे राहिले ते जगाला ठाऊक आहे. शाहनवाजखान तेवढा उतावळी नदीकाठच्या आपल्या देखण्या मकबऱ्यात राहिला.

मुमताजच्या मृत्यूची तारीख सर्वांना पाठ असते. त्याच वर्षी या खोऱ्यात काय चालले होते, हे मात्र पाठ नसते. १६३० ते १६३२ या काळात गुजरात, खानदेश आणि दख्खन यांवर जो दुष्काळ कोसळला, तो त्या शतकातील अत्यंत भीषण दुष्काळांपैकी एक होता. पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी १६३० च्या अखेरीस सुरतेहून नंदुरबार, बऱ्हाणपूर या मार्गाने आग्र्यास निघाला. वाटेत आणि गावांच्या वेशीबाहेर पाहिलेल्या प्रेतांचे त्याने केलेले वर्णन आजही वाचवत नाही. बादशहाचा मुक्काम तेव्हा बऱ्हाणपुरातच होता. त्याने अन्नछत्रे उघडविली आणि दर सोमवारी पाच हजार रुपये याप्रमाणे वीस सोमवारी एक लाख रुपये गरिबांत वाटविले, असे दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी सांगतो. सोमवार का, तर तो राज्यारोहणाचा वार म्हणून. रुपयांचा हिशेब लागतो, मेलेल्यांचा लागत नाही. 'येथे निधन पावलेल्या प्रसिद्ध व्यक्ती' या मथळ्यातील 'प्रसिद्ध' हा शब्द काय काम करतो, हे १६३१ या एका सालावरून कळावे. त्या वर्षी बऱ्हाणपुरात वारलेल्यांच्या यादीत एकच नाव आहे.

मराठी वाचकाला या रकान्यातील पुढची दोन नावे अधिक जवळची वाटतील. पहिले मिर्झाराजा जयसिंग याचे. १६६५ साली पुरंदरचा तह घडवून आणणारा आणि शिवाजी महाराजांना आग्र्यास जाण्यास राजी करणारा हा सेनानी विजापूरच्या मोहिमेत अपयशी ठरला, दक्षिणेच्या सुभ्यावरून दूर झाला आणि परतीच्या वाटेवर १६६७ साली बऱ्हाणपुरी वारला. मोहना नदीकाठी 'राजा की छत्री' त्याच्या स्मरणार्थ उभी आहे. आपल्या कादंबऱ्यांतून आणि नाटकांतून मिर्झाराजा येतो तो पुरंदरच्या पायथ्याशी आणि आग्र्याच्या प्रकरणापुरता. त्याचा शेवट आपल्या घराजवळ झाला, याची जाणीव आमच्या खानदेशी वाचकालाही क्वचितच असते.

दुसरे नाव निजामुल्मुल्क आसफजाहाचे. पालखेडला १७२८ साली थोरल्या बाजीरावाने ज्याला कोंडीत पकडले, तोच हा. 'शाकिर' आणि 'आसफ' या टोपणनावांनी त्याने फारसी काव्यरचनाही केली. १ जून १७४८ रोजी तो बऱ्हाणपुरी वारला, आणि त्याचाही देह येथून हलविण्यात आला. तो नेला खुलताबादेस, बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याच्या आवारात. ज्या संताच्या नावाच्या नगरात मृत्यू आला, त्याच संताच्या सान्निध्यात अखेरची जागा मिळाली. नाव खुलताबादेहून बऱ्हाणपुरास आले होते, देह बऱ्हाणपुराहून खुलताबादेस गेला. नगराच्या नोंदीत हा दुवा दिसत नाही, कारण रकान्यांना फक्त एकेक स्थळ कळते, दोन स्थळांमधला रस्ता कळत नाही.

जन्माचा रकाना

मृत्यूच्या मानाने जन्माचा रकाना विरळ आहे. राजघराण्यापैकी मुमताजची शेवटची मुलगी गौहरआरा येथे जन्मली. जन्मतारीख आणि आईची मृत्यूतारीख एकच. ती १७०६ पर्यंत जगली, पण इतिहासात तिची ओळख बहुधा या एका रात्रीपुरतीच उरली आहे.

याहून कितीतरी मोठा जन्म त्याआधी दीडशे वर्षांपूर्वी येथे झाला होता. १४८० च्या सुमारास, फारुकी अमदानीत, अली मुत्तकी यांचा जन्म बऱ्हाणपुरास झाला. ते पुढे मक्केस स्थायिक झाले आणि १५६७ साली तेथेच वारले. 'कन्झुल उम्माल' हा त्यांचा हदीससंग्रह. आधीच्या सुयूतीच्या प्रचंड संग्रहाची विषयवार फेरमांडणी करून तो त्यांनी सिद्ध केला. अरबी धर्मवाङ्मयाच्या अभ्यासकांना त्याचे नाव आजही घ्यावे लागते. त्यांच्या नावाला अरब जगात 'अल्‌-हिंदी' हे उपपद लागले. गावाचे नाव त्या प्रवासात गळून गेले.

त्यांच्याच जोडीला मृत्यूच्या रकान्यातील एक शांत नाव ठेवले पाहिजे. मुहम्मद इब्न फझलुल्लाह बऱ्हाणपुरी हे १६२० साली येथेच वारले. १५९० साली त्यांनी अरबीत एक छोटी पुस्तिका लिहिली, 'अल्‌-तुहफा अल्‌-मुरसला'. अस्तित्वाच्या सात पायऱ्यांचे तीत विवरण आहे. हाजी, व्यापारी आणि अभ्यासक यांच्या हातून ती मक्का-मदिनेस गेली, तेथून सुमात्रातील अचेहच्या दरबारात पोहोचली आणि पुढे जावानी भाषेत पद्यरूपही पावली. मदिनेच्या इब्राहिम अल्‌-कुरानी या विद्वानाने तीवर भाष्य लिहिले ते अचेहकडून आलेल्या प्रश्नांच्या निमित्ताने. तापीकाठी लिहिलेली काही पानांची पुस्तिका सुमात्रा-जावाच्या तत्त्वचर्चेचा पाया व्हावी, ही वाङ्मयाच्या इतिहासात नित्य घडणारी गोष्ट नव्हे. ज्या वर्षांत या नगरात शाहजादे मद्याने आणि कारस्थानाने मरत होते, त्याच वर्षांत हे पुस्तक समुद्रापलीकडे वाचले जात होते. तरीही बऱ्हाणपूर म्हटले की आपल्याला मुमताज आठवते.

दोन्ही रकान्यांबाहेरचा माणूस

आता सर्वांत महत्त्वाचे उदाहरण. अब्दुर्रहीम खानखाना, म्हणजेच हिंदीच्या विद्यार्थ्याला दोह्यांमुळे परिचित असलेला रहीम, १५५६ साली लाहोरात जन्मला आणि त्याची कबर दिल्लीत आहे. बऱ्हाणपूरच्या दोन्ही रकान्यांत त्याला जागा नाही. परंतु आयुष्याची पुष्कळ वर्षे त्याने दक्षिणेच्या सुभ्यावर, मुख्यतः बऱ्हाणपुरात काढली. मुलगा शाहनवाज त्याने याच मातीत ठेवला, जावई दानियाल येथेच गमावला. त्याच्या आश्रयाला इराणातून कवी, लिपिकार, विद्वान येत. अब्दुल बाकी नहावंदी १६१४ साली येथे आला आणि १६१६ साली त्याने 'मआसिरे रहीमी' हा ग्रंथ पुरा केला. आश्रयदात्याचे चरित्र आणि त्याच्या आश्रयातील कवींची माहिती यांचे ते भांडार आहे. फारसी, तुर्की, अरबी आणि ब्रज या भाषा जाणणाऱ्या एका माणसाभोवती तापीच्या काठी वाङ्मयीन दरबार भरत होता, आणि हा दरबार आपल्या सध्याच्या प्रादेशिक साहित्येतिहासात कोठेही बसत नाही. हिंदीवाल्यांना रहीम दिल्लीचा वाटतो, फारसीच्या अभ्यासकांना तो मोगलांचा वाटतो आणि मराठीत तो येतच नाही.

याच काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपते पाणी भूमिगत बोगद्यांतून नगरात आणण्याची योजना बऱ्हाणपुरात झाली. तिचा 'कुंडी भंडारा' आजही पाहावयास मिळतो. शंभराहून अधिक कुंड्या एका रांगेत, खाली त्यांना जोडणारा पाण्याचा मार्ग, आणि चढउताराच्या बेताने आपोआप वाहणारे पाणी. इराणी धर्तीची ही रचना होती. बांधणाऱ्या मजुरांची नावे अर्थातच नाहीत. तशीच विणकरांची नाहीत. ताव्हेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकाच्या मध्यास येथून दोनदा गेला. बऱ्हाणपुरचे तलम कापड इराण, तुर्कस्तान, मस्कोव्ही, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जात असल्याचे त्याने लिहिले आहे. नगर ज्यांच्यामुळे नगर होते ते लोक येथे जन्मले आणि येथेच मेले. दोन्ही रकान्यांचा खरा अधिकार त्यांचा होता आणि दोहोंतही त्यांचे नाव नाही.

मराठी स्मरणात बऱ्हाणपूर

मराठी बखरींत आणि इतिहासग्रंथांत बऱ्हाणपूर येते ते प्रामुख्याने लुटीचे नगर म्हणून. संभाजी महाराजांच्या कारकिर्दीच्या आरंभी, १६८१ साली, मराठी फौजेने नगराबाहेरचे बहादुरपुरा व इतर पुरे लुटले. १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर बऱ्हाणपूर मराठ्यांकडे आले आणि पुढे शिंद्यांकडे गेले. या शतकभराच्या सहवासातून तेथे मराठी वस्ती रुजली, आणि आजही त्या नगरात मराठी ऐकू येते. पण आपल्या स्मरणात लूट राहिली, सहवास राहिला नाही. विजयाची तारीख टिकते आणि शेजार विसरला जातो, हे केवळ आपलेच वैशिष्ट्य नव्हे. तरी त्याची किंमत आपल्याला मोजावी लागते.

ती किंमत कोणती, हे एका तुलनेने स्पष्ट होईल. इतिहासाचार्य राजवाडे यांचा जन्म कोकणातील वरसईचा, मृत्यू ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातला. त्यांच्या मागून धुळ्याने राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले आणि त्यांचे दप्तर जपले. म्हणून राजवाडे आज जितके कोकणचे तितकेच धुळ्याचे आहेत. मृत्यूच्या रकान्यातील एका नोंदीचे धुळ्याने कामाच्या आरंभात रूपांतर केले. उलट बालकवी १८९० साली धरणगावी जन्मले आणि १९१८ साली भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली गेले. दोन्ही नोंदी खानदेशातल्याच, पण वर्गात त्यांच्या कवितेपेक्षा रुळांवरच्या मृत्यूचीच चर्चा अधिक होते. जन्म आणि मृत्यू यांची नोंद ही स्वतः काहीच ठरवीत नाही. ती नोंद हाती आल्यावर गाव काय करते, यावर सारे अवलंबून असते.

बऱ्हाणपूरच्या बाबतीत आपण काहीच केले नाही. राज्याची सीमा मध्ये आली, भाषेची आली, धर्माची आली, आणि साठ किलोमीटरांवरचे एक वाङ्मयीन केंद्र आपल्या अभ्यासक्रमाला परदेशासारखे झाले. खानदेशी साहित्याचा इतिहास लिहिताना आरंभ कोठून करावा, हा प्रश्न आमच्या विद्यापीठीय वर्तुळात वारंवार निघतो. त्याचे उत्तर शोधणाऱ्यांनी जामा मशिदीतील संस्कृत लेख, अली मुत्तकींचा संग्रह, फझलुल्लाहांची पुस्तिका आणि नहावंदीचा ग्रंथ यांना निदान दारात तरी उभे राहू द्यावे. ही मराठी पुस्तके नव्हेत, हे उघड आहे. पण बहिणाबाईंच्या बोलीत जे अरबी-फारसी शब्द घरच्यासारखे वावरतात, ते या खोऱ्यात ज्या वाटांनी आले, त्यांपैकी मोठी वाट बऱ्हाणपुरातून जाते.

म्हणून आमची सूचना अशी की कोशातील या दोन रकान्यांना तिसरा एक जोडावा : येथे ज्यांनी काम केले. त्यात रहीम येईल, नहावंदी येईल, फझलुल्लाह मृत्यूसाठी नव्हे तर पुस्तकासाठी येतील, आणि नाव नसलेले विणकर व कुंड्या खणणारे निदान समूहाने तरी येतील. बादशहांच्या माणसांचे देह आग्र्याला आणि अलाहाबादेला गेले ते गेले. या नगरात जे लिहिले गेले, विणले गेले, खणले गेले, त्याची नोंद करणे अजून आपल्या हातात आहे, आणि ती करण्यास सीमेच्या अलीकडचा अभ्यासक पलीकडच्याइतकाच अधिकारी आहे.